रजेच्या अर्जात काय लिहायचं? : घरापासून दूर आपले सण

(चेन्नईतल्या गिंडी भागात शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी भाषक मुलामुलींच्या एका छोट्या बैठकीत, भीमजयंतीच्या आदल्या रविवारी केलेलं हे भाषण. लिहून काढताना बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला आज विषय दिलाय, 'घरापासून लांब राहून घरचे सण-समारंभ कसे साजरे करावेत'. या विषयावर मराठीत दरवर्षी दिवाळीच्या सुमारास भरपूर लिहून येतं. अमेरिकेत चकलीची भाजणी कुठून मिळवली, लंडनच्या थंडीत गुढी कुठे उभारली, सिंगापूरला आकाशकंदील कसा केला. वाचायला बरं वाटतं. पण त्या सगळ्या लेखांमधली अडचण सामानाची असते. सामान मिळालं की सण झाला.

आपली अडचण सामानाची नाही. खिरीला लागणारं दूध, तांदूळ, साखर इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. मेणबत्त्या मिळतात, निळं कापड मिळतं, बाबासाहेबांचा फोटो तर या शहरात सहज मिळतो. आपली अडचण अशी आहे की, आपला सण साजरा केला की आपली जात कळते. दुसऱ्याचा सण हा त्याचा सण असतो. आपला सण म्हणजे आपली ओळख सांगणं असतं. आज मला एवढ्याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. ही ओळख कुणाला सांगावी लागते, न सांगितल्याने आपण काय गमावतो आणि सांगायची ठरवली तर ती कशी सांगावी.

आधी आपलं कॅलेंडर बघू. १ जानेवारी भीमा कोरेगाव, ३ जानेवारी सावित्रीमाई, ११ एप्रिल जोतीराव, १४ एप्रिल, मग बुद्ध पौर्णिमा, २६ जून शाहू महाराज, अशोक विजयादशमी, २६ नोव्हेंबर संविधान दिन, ६ डिसेंबर, आणि २५ डिसेंबर मनुस्मृती दहन. यातली बुद्ध पौर्णिमा आणि अशोक विजयादशमी सोडली, तर बाकी सगळे दिवस तारखेचे आहेत. त्यांना पंचांग लागत नाही, मुहूर्त लागत नाही, भटजी लागत नाही. आणि यातला एकही दिवस 'पूर्वापार चालत आलेला' नाही. प्रत्येक दिवस कुणीतरी ठरवून सुरू केला आहे.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब भीमा कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना द्यायला गेले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. १४ एप्रिल १९२८ ला पुण्यात जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पहिली सार्वजनिक जयंती साजरी केली. तेव्हा बाबासाहेब अवघे सदतीस वर्षांचे होते. म्हणजे साधारण सोळा महिन्यांत आपल्या कॅलेंडरमधल्या तीन तारखा उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे ना राजा होता, ना देवस्थान. दिवसभर राबणारी, पगारातून दोन-चार आणे काढून देणारी माणसं होती. त्यातली कितीतरी माणसं स्वतः गाव सोडून मुंबई-पुण्याला आलेली, रेल्वेत, गिरणीत, गोदीत, पलटणीत काम करणारी होती.

ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. कारण आपल्याला वाटतं, सण गावाकडे असतो आणि आपण बाहेर पडल्यामुळे तो आपल्यापासून सुटला. आपल्या बाबतीत बरंचसं उलटं आहे. गावातल्या सणात आपल्या माणसांना काय वाटा होता? ढोल वाजवायचा, लाकडं फोडायची, मेलेलं ओढायचं, आणि उरलेलं अन्न मागून आणायचं. आपला स्वतःचा सण आपल्याला गावाबाहेर पडल्यावर मिळाला. त्यामुळे घरापासून दूर असणं ही आपल्या सणांची अडचण नाही, ती त्यांची जन्मकथा आहे.

मी चंद्रपूरची आहे. नागपूरला धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा मुख्य सोहळा अशोक विजयादशमीला, म्हणजे तिथीने होतो. आमच्याकडे तो तारखेने होतो, कारण बाबासाहेबांनी नागपूरनंतर १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपूरला दीक्षा दिली. दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला आमच्या दीक्षाभूमीवर माणूस मावत नाही. मूल, राजुरा, गोंडपिपरीकडून पाहुणे येतात, घरात पाय ठेवायला जागा नसते. आई चार दिवस आधीपासून पांढरी साडी नीळ घालून वाळवते. आमच्या वस्तीत १४ एप्रिलच्या आधी घराला रंग देतात. दिवाळीला नाही दिला तरी चालतो, पण जयंतीला द्यायचाच. नवीन कपडे त्याच दिवशी. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात त्या याच दिवशी.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला एमिल दुर्खीम शिकवतात. १९१२ सालच्या त्याच्या ग्रंथात त्याने मांडलं की, विधीसाठी माणसं एकत्र येतात तेव्हा एक वेगळीच ऊर्जा तयार होते, आणि त्या विधीतून समाज खरं तर स्वतःलाच बघत असतो. मला हे समजायला पुस्तक फारसं लागलं नाही. १६ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर उभं राहिलं की समजतं. एरवी कुठल्या तरी ऑफिसात, कॉलेजात एकटा-दुकटा असलेला माणूस त्या दिवशी मान वर करून बघतो आणि म्हणतो, अरे, आपण एवढे आहोत!

बाहेर पडल्यावर नेमकं हेच जातं. खीर करता येते, वंदना मोबाईलवर लावता येते. 'आपण एवढे आहोत' हे मात्र एकट्याच्या खोलीत कळत नाही.

आता गिंडीकडे येऊ. तुम्ही इथेच राहता, त्यामुळे हे तुम्हाला माहीत आहे. ऑक्टोबरमध्ये इथल्या औद्योगिक वसाहतीत आयुधपूजा असते. १९५८ साली सुरू झालेली ही वसाहत. एरवी लेथ आणि प्रेसच्या आवाजात बुडालेली, पण त्या दिवशी प्रत्येक शेडच्या दाराला केळीचे खुंट बांधलेले असतात, मशीनला चंदन-कुंकू लागतं, चुरमुरे वाटतात, आणि रस्त्यावर कोहळे फोडतात. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून चालताना पाय जपून टाकावा लागतो. ऑफिसात संगणकाला, लॅबमध्ये उपकरणाला हार घातला जातो. सगळे उभे राहतात, प्रसाद घेतात. हा कुणाला 'धार्मिक कार्यक्रम' वाटत नाही. तो कामाच्या जागेचा रिवाज वाटतो.

त्याच आठवड्यात किंवा आगेमागे १६ ऑक्टोबर येतो. माझ्या ओळखीतला एक मुलगा इथल्या एका कंपनीत आहे. त्याला दोन दिवसांची रजा हवी होती. अर्जात कारण काय लिहायचं? तीन वर्षं तो 'घरचं लग्न' असं लिहायचा. चौथ्या वर्षी त्याच्या साहेबाने हसत विचारलं, तुमच्याकडे दर ऑक्टोबरला कुणाचं लग्न असतं रे? सगळे हसले, तोही हसला. त्याच्याच शेजारी बसणारा दुसरा मराठी मुलगा 'गौरीसाठी घरी जातोय' असं लिहितो. त्याला कुणी काही विचारत नाही. विचारलंच तर येताना मोदक आण म्हणतात.

दोन्ही अर्ज दोन दिवसांच्या रजेचेच. पण एका अर्जात सण लिहिलाय आणि दुसऱ्यात सण लपवलाय. या दोन अर्जांमधलं अंतर म्हणजे आपला आजचा विषय.

१४ एप्रिलची गंमत वेगळी आहे. महाराष्ट्रातून आलेल्या आपल्या मुलांना इथे पहिल्या वर्षी आश्चर्य वाटतं, कारण त्या दिवशी सुट्टी असते आणि ती मागावी लागत नाही. त्याच दिवशी तमिळ नववर्ष, पुत्तांडू असतं. सरकारी यादीत दोन्ही एकाच तारखेला. नववर्षाची ही तारीखही काही आकाशातून पडलेली नाही. २००८ साली इथल्या सरकारने कायदा करून तमिळ नववर्ष तै महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे पोंगलला नेलं आणि २०११ मध्ये पुढच्या सरकारने तो कायदा रद्द करून ते परत एप्रिलमध्ये आणलं. म्हणजे कॅलेंडर बदलता येतं, सरकारही बदलतं. २०२२ पासून तमिळनाडू सरकार १४ एप्रिल हा 'समत्तुव नाळ', म्हणजे समता दिवस म्हणून पाळतं. सरकारी कार्यालयांत त्याची प्रतिज्ञा घेतात.

तर इथे १४ एप्रिलला सोय होते. शेजारची अम्मा कैरीची पच्चडी आणून देते, 'हॅपी पुत्तांडू' म्हणते, आपणही म्हणतो. ऑफिसच्या ग्रुपवर शुभेच्छा येतात, आपणही हात जोडलेलं चित्र टाकतो. दिवस गोड जातो. आणि संध्याकाळी आपल्या लक्षात येतं की, आज दिवसभर आपण दुसऱ्याच्या सणाच्या आडोशाला उभे होतो. पुत्तांडूशी आपलं काही भांडण नाही, पच्चडी मला फार आवडते. पण आडोसा तो आडोसाच.

माणसं का लपवतात? भित्री असतात म्हणून नाही. हिशेब करतात म्हणून. घरमालक पहिला प्रश्न विचारतो, शाकाहारी का? दुसरा प्रश्न, आडनाव काय? तिसरा, गाव कुठलं? परक्या शहरात आपलं मराठी आडनाव पटकन कळत नाही, याचा अनेकांना सुटका झाल्यासारखा आनंद होतो. तो आनंद खोटा नाही. ज्याने आयुष्यभर आडनावाचं ओझं वागवलं, त्याला चार वर्षं ते खाली ठेवता आलं तर त्याला दोष कोण देणार? आणि भिंतीवर फोटो लावला की ओझं परत खांद्यावर येतं.

हा हिशेब बाबासाहेबांनाही करावा लागला होता. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींत ते आलं आहे. परदेशात शिकून ते बडोद्याला नोकरीसाठी आले. राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. वरच्या मजल्यावर एकटे, अंधारात, सोबतीला फक्त पुस्तकं. अकराव्या दिवशी पारशी माणसांचा एक जमाव काठ्या घेऊन आला आणि त्यांना निघून जायला सांगितलं. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये शिकलेला माणूस आपल्याच देशात बागेत जाऊन बसला आणि रडला.

हा प्रसंग आपण नेहमी जातीच्या क्रौर्याची गोष्ट म्हणून सांगतो. आज मी त्यातली एक वेगळी बाजू बघायला सांगते. ते अकरा दिवस कसे गेले असतील? त्या दिवसांत त्यांना कुणाशी मोकळेपणाने बोलता आलं असेल? खोटं नाव घेऊन राहिलेल्या माणसाला घरातलं सुख सांगायला कुणी नसतं, दुःख सांगायलाही नसतं. लपून राहण्याची किंमत जमाव येतो त्या दिवशीच मोजावी लागते असं नाही, ती आधीच्या दहा दिवसांतही मोजावी लागते. आपली कितीतरी मुलं आज मोठ्या पगाराच्या नोकऱ्यांमध्ये ते दहा दिवस दहा-दहा वर्षं जगत आहेत.

ही किंमत फक्त मनाची नाही, पैशाचीही आहे. सण हे ओळखी करून घेण्याचं सगळ्यात स्वस्त साधन आहे. परक्या शहरात गणपतीच्या आरतीला गेलेल्या मुलाला तिथे काय मिळतं? कुणाची तरी रिकामी खोली कळते, चांगला डॉक्टर कळतो. 'आमच्या कंपनीत जागा आहे, बायोडेटा पाठव' असं म्हणणारे काका भेटतात. पुढे लग्नाचं स्थळही तिथूनच येतं. दहा दिवसांच्या आरतीतून दहा वर्षं पुरेल एवढं जाळं तयार होतं. हे कुणी कट करून करत नाही. सणाचं कामच ते आहे. आपण आपला सण लपवतो तेव्हा हे जाळं विणायचंच राहून जातं. मग आपल्यातला एखादा आजारी पडला, नोकरीवरून निघाला, गाईडने त्रास दिला, तर त्याला माहीतच नसतं की तीन गल्ल्या सोडून आपलंच माणूस राहतं.

मग कुणी म्हणेल, शहरोशहरी मराठी मंडळं आहेत की. देशात आहेत, परदेशात आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासून आहे. परप्रांतात भाषा टिकवण्याचं मोठं काम अशा मंडळांनी केलं, यात शंका नाही. पण मराठी मंडळांच्या वर्षभराच्या कार्यक्रमांची यादी सहसा कशी असते ते आठवा : संक्रांत, पाडवा, गणपती, कोजागिरी, दिवाळी. याला 'मराठी संस्कृती' म्हणतात. १४ एप्रिल हा महाराष्ट्रातला एवढा मोठा लोकोत्सव, लाखो घरांना त्या दिवशी रंग लागतो, पण त्याचं नाव काढलं की म्हणतात, तो 'सामाजिक' कार्यक्रम आहे, किंवा 'राजकीय' आहे. पाडवा म्हणजे संस्कृती आणि जयंती म्हणजे राजकारण, ही वाटणी कुणी केली? आपली आजी जयंतीला खीर करते तेव्हा ती राजकारण करत असते का? आणि करत असेल तर मग पाडव्याचं श्रीखंड काय असतं?

माझं म्हणणं असं आहे की, मंडळांकडे जरूर मागावं. मराठी आपलीही आहे. तुमच्या यादीत १४ एप्रिल घ्या, असं लेखी द्यावं. पण त्यांच्या होकाराची वाट बघत बसू नये. रणपिसेंनी १९२८ साली कुणाच्या यादीत नाव येण्याची वाट बघितली नव्हती.

आता मला याच गिंडीतल्या एका जागेबद्दल सांगायचं आहे. सरदार पटेल रस्त्यावर गांधी मंडपाचं आवार आहे. आपण बसमधून रोज त्याच्या समोरून जातो. त्या आवारात पंडित अयोथीदासांचं स्मारक आहे, १ डिसेंबर २०२३ ला त्याचं उद्घाटन झालं. त्याच आवारात रेट्टमलै श्रीनिवासन यांचंही स्मारक आहे. हे तेच श्रीनिवासन, जे गोलमेज परिषदेत बाबासाहेबांच्या शेजारी अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून बसले होते.

आणि अयोथीदास कोण? १८४५ साली जन्मलेले, सिद्ध वैद्यक करणारे विद्वान. १८९८ साली ते कर्नल ऑल्कॉट यांच्या मदतीने सिलोनला गेले, तिथे त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि परत येऊन मद्रासमध्ये शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. नागपूरच्या दीक्षेच्या अठ्ठावन्न वर्षं आधी. १९०७ साली त्यांनी 'ओरु पैसा तमिळन' नावाचं साप्ताहिक सुरू केलं. एक पैसा किंमत, म्हणून ते नाव. या साप्ताहिकातून त्यांनी जे अनेक विषय हाताळले, त्यात सणही होते. दीपावली ही असुराच्या वधाची नसून तिळाच्या तेलाच्या शोधाशी जोडलेला बौद्धांचा सण आहे, अशी मांडणी त्यांनी केली. इतिहासकार म्हणून ती मांडणी तुम्ही तपासा, वाद घाला. पण त्यामागची गरज ओळखा. ज्यांच्या हरण्याचा सण शेजारी साजरा करतात, त्यांनी त्या दिवशी काय करायचं, हा प्रश्न त्यांना पडला होता. आपल्या घरांतही दर दिवाळीला तोच प्रश्न असतो.

आणखी एक गोष्ट. त्यांच्या संघाच्या शाखा कुठे निघाल्या? कोलारच्या सोन्याच्या खाणींत, जिथे तमिळ दलित मजूर पोटासाठी गेले होते. समुद्रापलीकडे रंगूनला, दक्षिण आफ्रिकेत. म्हणजे पुन्हा तेच, घर सोडून गेलेल्या माणसांनी परमुलखात आपला धम्म आणि आपले दिवस उभे केले. याच शहरातल्या प्रा. लक्ष्मी नरसू यांनी १९०७ साली 'द इसेन्स ऑफ बुद्धिझम' लिहिलं आणि १९४८ साली बाबासाहेबांनी स्वतः प्रस्तावना लिहून ते पुन्हा छापलं. म्हणजे आपण चंद्रपूर-नागपूरहून धम्म घेऊन मद्रासला आलो असं आपल्याला वाटतं, पण मद्रासचं पुस्तक आपल्या आधी दादरला पोचलं होतं.

आई फोनवर दरवेळी विचारते, "आपलं कोनी हाये का तिकडे?" पहिल्या वर्षी मी या प्रश्नाचं उत्तर मराठी माणसं मोजून द्यायचे. आता मी तिला सांगते, इथे आपली माणसं आपल्या आधीपासून आहेत, फक्त ती तमिळ बोलतात. १४ एप्रिलला राजा अण्णामलैपुरममधल्या बाबासाहेबांच्या मणिमंडपात जाऊन बघा. निळे झेंडे तेच, घोषणेतलं नाव तेच, लेकरांना खांद्यावर घेऊन आलेले बापही तसेच. आणि त्रिशरण-पंचशील तर पालीत आहे. मराठी, तमिळ, तेलुगू पोरं एका सुरात म्हणू शकतात, भाषांतर लागत नाही.

पण चेन्नईला मी स्वर्ग म्हणत नाही. याच राज्यात २०२२ च्या डिसेंबरमध्ये वेंगैवयल गावात दलित वस्तीच्या पाण्याच्या टाकीत मैला टाकला गेला. याच राज्यात बाबासाहेबांचे कितीतरी पुतळे लोखंडी पिंजऱ्यात आहेत, तोडफोड होऊ नये म्हणून. असा एक फोटो मी घरी पाठवला, तर आईने विचारलं, बाबासाहेबांना कोंडलं काहून? मला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. तेव्हा, आपली माणसं इथे आहेत म्हणजे धोका नाही असं नाही. धोका आहे, म्हणूनच तर एकमेकांची माहिती असायला हवी.

आणि तुमच्यापैकी अनेकजण इथून पुढे जाणार आहात. गिंडी हे आपल्यातल्या बऱ्याच जणांसाठी मधलं स्टेशन आहे. पुढे बोस्टन, म्युनिक, सिंगापूर. तिथे जात नसेल, असं समजून जाऊ नका. अमेरिकेतल्या सिएटल शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा केला. जात तिथे पोचली नसती तर कायदा कशाला लागला असता? आणि आपली माणसंही पोचलेली आहेत हे विसरू नका. लंडनमध्ये बाबासाहेब ज्या घरात राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. तिथे संग्रहालय ठेवायला स्थानिक पातळीवर हरकत आली, वाद चालला आणि २०२० मध्ये परवानगी मिळाली. जगाच्या पाठीवर कुठेही गेलात तरी जागेसाठी भांडावं लागतं आणि भांडलं तर मिळते, एवढं त्यातून घ्या.

शेवटी, करायचं काय? मला चार गोष्टी सुचतात.

पहिली, रजेचा अर्ज. ज्याला शक्य आहे, ज्याची नोकरी पक्की आहे, ज्याच्या पाठीशी चार माणसं आहेत, त्याने अर्जात सरळ 'धम्मचक्र प्रवर्तन दिन' असं लिहावं. पुढच्या मुलाला ते लिहिणं तेवढंच सोपं जाईल. पण हे काम वरच्यांचं आहे. कायम नोकरीत असलेल्याने, सीनियरने आधी लिहावं. पहिल्या वर्षाच्या मुलीकडून धाडसाची अपेक्षा करू नये.

दुसरी गोष्ट त्याच्याच पोटातली. जो लपवतो त्याचा अपमान करू नये. 'तू बाबासाहेबांना विसरलास' असं म्हणणं फार सोपं आहे. त्याची अडचण आपल्याला माहीत नसते. आपल्या कार्यक्रमात येणाऱ्यांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, आणि कुठेही टाकायचे नाहीत. ज्याला ओळख सांगायची नाही त्यालाही वंदनेला बसता आलं पाहिजे, पोटभर जेवता आलं पाहिजे. अशी एक जागा असेल तर माणूस आपल्या वेळेने उभा राहतो.

तिसरी गोष्ट कामाची. घरच्या सणाची आठवण काढताना आपण खिरीची चव आठवतो, खीर ढवळणारा हात आठवत नाही. जयंतीला आई पहाटे चारला उठते आणि मिरवणूक निघते तेव्हा ती भांडी घासत असते. मंचावर कोण बसतं तेही तुम्हाला माहीत आहे. घरापासून दूर आल्याचा एक फायदा असा की, ही वाटणी आपण बदलू शकतो. यंदा स्वयंपाकाची यादी मी बघितली, त्यात सहापैकी पाच नावं मुलींची आहेत. ती यादी आज इथून उठायच्या आत बदलायची आहे.

चौथी गोष्ट घरच्यांची. आपण दूर आहोत तसे तेही आपल्यापासून दूर आहेत. चंद्रपूरला यंदाही घराला रंग लागलाय. पण खोल्या रिकाम्या आहेत. मुलगा पुण्याला, मुलगी चेन्नईला. त्यांच्यासाठी व्हिडिओ कॉल जिन्यात उभं राहून, आवाज बारीक करून करू नका. वंदनेच्या वेळी फोन समोर ठेवा, त्यांनाही इकडची माणसं दिसू द्या. बल्लारशाहून चेन्नईला गाडीने एक रात्र लागते. एखाद्या वर्षी त्यांनाच इकडे बोलवा आणि गांधी मंडपाच्या आवारात नेऊन अयोथीदासांना भेटवा.

आपल्या आजोबा-पणजोबांनी सण मिळवला तेव्हा त्यांच्याकडे ना सुट्टी होती, ना हॉल, ना वर्गणी देणारे इंजिनियर. आपल्याकडे हे सगळं आहे. तेव्हा १४ तारखेला सकाळी साडेसातला सगळ्यांनी इथे जमायचं आहे. पांढरे कपडे असतील तर घाला, नसतील तर जे आहे ते चालेल. वंदना झाली की मणिमंडपात जायचं, तमिळ साथी तिथे थांबणार आहेत. येताना शेजारच्या अम्मालाही बोलवा. तिने पच्चडी दिली होती, आपण खीर देऊ. आणि खीर कसली म्हणून तिने विचारलं, तर ज्याला जमेल त्याने खरं कारण सांगावं.

आता ती स्वयंपाकाची यादी काढा, मुलांनी आपापली नावं घाला.

जय भीम. नमो बुद्धाय.